कामासाठी मोठा घडीचा चाकू, पक्क्या खटक्याचा: ठाणे-नवी मुंबईत कुठे आणि कोणता?

बागवान_घोडबंदर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडवरच्या काही सोसायट्यांच्या बागा माझ्याकडे आहेत, शिवाय शहापूरच्या बाजूला एकांची आंब्याची आणि बांबूची वाडी बघतो. दिवसभर चाकू लागतो. ठिबकची नळी तोडायची, शेडनेट कापायचं, खताच्या गोणीची शिवण उसवायची, ताटीचा काथ्या सोडवायचा, मध्येच एखादी अंगठ्याएवढी फांदी. कोयता आहेच, पण शिडीवर चढताना तो कमरेला नको वाटतो आणि सोसायटीच्या लिफ्टमध्ये लहान मुलं असताना तर नकोच.

हवाय तो घडीचा चाकू. पातं चार इंचांच्या आसपास. मूठ लाकडाची, भरीव, जुन्या पद्धतीची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उघडल्यावर पातं पक्कं अडकलं पाहिजे.

यावर मी एवढा अडून बसलोय त्याला कारण आहे. बांबूत पातं रुतलं की ते सोडवायला आपण मनगट मुरडतो. दाब तेव्हा धारेवर नसतो, पात्याच्या पाठीवर येतो. खटका नसलेला, नुसत्या कमानीच्या (स्प्रिंगच्या) ताणावर उघडा राहणारा चाकू त्या क्षणी मिटतो, आणि मिटताना वाटेत आपलीच बोटं असतात. माझ्यासोबतच्या एका मुलाच्या तर्जनीला असेच टाके पडलेत. बोट अजून पूर्ण वाकत नाही त्याचं.

जांभळी नाका, स्टेशन रोड, नौपाडा, सगळीकडे विचारून झालं. एक तर फळं कापायचे छोटे चाकू दाखवतात, नाहीतर काळे, दातेरी, लष्करी थाटाचे. त्यांचं पातं दुकानातच डुलत होतं. कोणी वापरत असेल तर सांगा.

सह्यभटक्या

ओपिनेल घ्या. फ्रेंच आहे, बीच लाकडाची मूठ, पुढे पोलादी कडी. माझा आठ नंबरचा ट्रेकला कायम सोबत असतो. तुम्हाला मोठा हवा तर दहा नंबर. ट्रेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानांत विचारा, हार्डवेअरवाल्याकडे मिळणार नाही.

वागळेफिटर

दादा, पात्याची लांबी नंतर बघू, आधी खटका कोणत्या जातीचा हवा ते ठरवा. वागळे इस्टेटमधल्या टूलरूममध्ये माझी हयात गेली आहे आणि घडीच्या चाकूचा सगळा जीव सांध्यात असतो असं माझं ठाम मत आहे. पोलाद थोडं डावं-उजवं असलं तरी धार लावून काम भागतं. सांधा ढिला असेल तर त्या चाकूला हात लावू नये.

जुन्या घडणीत मुख्य तीन जाती येतात. पहिली पाठीच्या पट्टीची. मुठीच्या पाठीला एक पोलादी पट्टी असते, मध्ये पिनवर झुलणारी. तिच्या पुढच्या टोकाचं नाक पात्याच्या बुडातल्या खाचेत बसतं आणि पातं हलत नाही. मिटवताना पट्टी मागून दाबायची. अमेरिकेच्या बक कंपनीचा ११० हा यातला सगळ्यात प्रसिद्ध, १९६० च्या दशकातला. पातं साडेनऊ सेंटिमीटर, मुठीच्या दोन्ही टोकांना पितळ, मध्ये लाकूड. हातात घेतला की दणकट वाटतो आणि आहेही. वजन २०० ग्रॅमच्या घरात आहे, खिशात जाणवतं.

पण तुमचं काम मातीचं. ती खाच आत असते, वरून दिसत नाही. तिथे ओली माती किंवा झाडाचा चीक भरून सुकला की नाक पुरतं खाली बसत नाही. कानाला खट्ट आवाज येतो, आपल्याला वाटतं बसलं, आणि प्रत्यक्षात ते काठावर टेकलेलं असतं. हा चाकू घेतलात तर रोज संध्याकाळी बांबूच्या काडीनं खाच कोरून काढायची सवय लावावी लागेल.

दुसरी जात फिरत्या कडीची, म्हणजे वर सांगितलेला ओपिनेल. जोसेफ ओपिनेलनं १८९० मध्ये फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतात, आल्प्सच्या डोंगरात, शेतकऱ्यांसाठी तो केला. तेव्हा त्याला खटका नव्हता. कडी १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेलनं बसवली. मुठीच्या तोंडाशी पोलादी कडी आहे, तिला एक फट आहे. फट पात्यासमोर आणली की पातं मिटतं, कडी फिरवली की पात्याची वाट बंद. २००० पासूनच्या चाकूंत मिटलेलं पातंही कडीनं अडवता येतं, म्हणजे पिशवीत आपोआप उघडत नाही. यात कमान नाही, लपलेली खाच नाही. कडी फिरली की नाही ते डोळ्यांना दिसतं. चिखल गेला तर नळाखाली धरा, झालं.

तिसरी ओढकडीची. पात्याच्या बुडाला दाते असतात, उघडताना कर्र कर्र आवाज येतो, आणि सोडवायला पाठीवरची कडी ओढावी लागते. स्पेनच्या जुन्या नावाखा चाकूंना असं असतं. ओकापीही त्यातलाच. तो १९०२ पासून जर्मनीत बनायचा, आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींत पाठवायला. आता दक्षिण आफ्रिकेत बनतो. मजबूत आहे, पण टोक फार निमुळतं. बागकामाला एवढं टोक कशाला?

माझं मत कडीच्या बाजूनं.

चरईकर

रामपुरी का नको? आपल्याकडचाच, खटक्याचा, आणि लांबीही भरपूर.

वागळेफिटर

चरईकर, रामपूरच्या कारागिरांचा हात मोठा आहे, त्याबद्दल वाद नाही. शहरानं २०२३ मध्ये चौकात सहा मीटरांहून लांब चाकू उभारलाय, इतका त्यांना त्याचा अभिमान आहे. पण त्या चाकूची घडण लांब, अरुंद, भोसकण्याच्या अंगाची. काथ्या कापताना पात्याला थोडं पोट लागतं, म्हणजे धार टोकाकडे वळताना गोलाई हवी. सरळ पात्यावरून दोरी घसरते. शिवाय कामावर जाणाऱ्या माणसाच्या पिशवीत रामपुरी सापडला तर समोरचा काय समजेल याचाही विचार करा.

नर्सरीवाली_नेरूळ

मी थोडं वेगळं सांगते. दादा, तुम्ही एका चाकूकडून फार कामं मागताय.

शिडीवर एक हात शिडीला असतो. तुम्ही म्हणता तसे जुन्या पद्धतीचे चाकू उघडायला दोन हात लागतात, कारण पात्याच्या वरच्या खाचेत नख घालून ते ओढावं लागतं. हातात मोजा असेल तर नख कुठून घालणार? म्हणजे मोजा काढा, चाकू उघडा, कडी फिरवा, मोजा घाला. बारा फुटांवर हे कोणी करू नये. आणि उघडा चाकू घेऊन चढणं तर त्याहून वाईट. शिडीवर सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री, न्या. एका हातानं चालतो, कापून झालं की खटका लावून धार बंद करता येते, आणि अंगठ्याएवढी फांदी त्यानं जास्त स्वच्छ कापली जाते. चाकूनं फांदी ओढून कापली की खाली सालीची पट्टी फाटत जाते आणि जखम भरत नाही. आंब्याला तर ती अजिबात सोसत नाही, तिथूनच कीड शिरते.

दुसरं कलमाचं. वाडी आंब्याची आहे म्हणजे पावसाळ्यात कोयकलम, म्हणजे कोयीच्या कोवळ्या रोपावर काडी बांधणं, करत असालच. त्याला हा चाकू वापरू नका. कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूनं दिलेली असते, दुसरी बाजू सपाट. म्हणून पाचरीचा काप एका ओढीत सपाट येतो आणि रोप आणि काडी एकमेकांना पूर्ण टेकतात. दोन्ही बाजूंनी धार दिलेलं पातं लाकडात वळतं, काप खोलगट येतो, मध्ये हवा राहते, आणि कलम सुकतं. आणि ज्या चाकूनं गोणी आणि माती लागलेली नळी कापली तो सालीच्या आत घालायचा नाही. कलमाचा वेगळा, स्पिरिटनं पुसलेला, दुसऱ्या कोणाच्या हाती न देण्याचा.

मग तुमच्या मोठ्या चाकूला उरतं ते जमिनीवरचं काम. नळी, नेट, गोणी, दोरी, बांबूचे बांध. त्याला चार इंची खटक्याचा चाकू अगदी योग्य, आणि त्या कामाला तो हवाच.

बागवान_घोडबंदर

ताई, शिडीचं मनापासून पटलं. कलमाचा चाकू वेगळाच आहे माझा, तो कोणाला देत नाही.

फिटरकाका, एक विचारतो. आमच्याकडे रस्त्याकडेला घिसाडी बसतात, त्यांचा कोयता मी वापरतो, उत्तम आहे. ट्रकच्या पाट्याचं पोलाद, पाणी नीट दिलेलं, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कठीण केलेलं. त्यांच्याकडून पातं आणि वागळेत कोणाकडून मूठ-खटका असं करून घेता येईल का?

वागळेफिटर

होईल, पण मी सुचवणार नाही. पाट्याचं पोलाद दणका खाणारं असतं, म्हणून कोयत्याला आणि कुऱ्हाडीला ते शोभतं. घिसाड्याचा हात आणि डोळा कोयत्यातच दिसतो. धार किती कडक ठेवायची आणि पाठ किती मऊ राखायची हे तो तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून ठरवतो.

घडीच्या चाकूचं गणित निराळं आहे. पात्याचं भोक, पिन, दोन्ही बाजूंचे वॉशर आणि खटका टेकतो ती जागा, ही चारही एकमेकांना धरून बसावी लागतात. पाणी दिल्यावर पातं केसभर जरी वाकडं झालं तरी ते मुठीत मधोमध मिटत नाही, एका बाजूला घासतं. खटका टेकण्याची जागा पाणी दिल्यानंतर कानशीनं जमत नाही, ती दगडानं घासून जुळवावी लागते. एक नग करायला जेवढी मजुरी जाईल तेवढ्यात तयार चाकू येईल आणि तो जास्त भरवशाचा असेल.

दुकानात बघताना काय बघायचं ते सांगतो. चाकू उघडा, खटका लावा. मूठ एका हातात घट्ट, पात्याची पाठ दुसऱ्या हाताच्या चिमटीत. आधी आडवं हलवा. अगदी किंचित हललं तर चालेल, पिन आवळता येते. मग उभं, म्हणजे मिटण्याच्या दिशेनं हलवा. इथे जरासुद्धा टकटक जाणवली तर चाकू परत ठेवा. त्यानंतर पात्याची पाठ दुकानाच्या लाकडी फळीवर टेकवून हळूहळू दाब द्या, बोटं पात्याच्या वाटेतून बाहेर ठेवून. आपटून बघू नका. चांगला खटकाही आपटून खराब होतो आणि दुकानदारालाही ते आवडणार नाही.

दिवाळेकर

बेलापूरच्या दिवाळे गावचा आहे, घरची होडी आहे. आमच्याकडे चाकू रोज खाऱ्या पाण्यात. जाळ्याच्या दोरीत होडीचा पंखा अडकला की चाकूशिवाय गत नाही.

लाकडी मूठ आणि खारं पाणी जमत नाही हे स्पष्ट सांगतो. पण तुमचं काम गोड्या पाण्याचं, तुम्हाला चालेल. पोलाद मात्र स्टेनलेसच घ्या. घोडबंदरला एका बाजूला खाडीच आहे, हवा आमच्यासारखीच. साधं कार्बन पोलाद पावसाळ्यात दोन दिवस पिशवीत विसरलात तर लाल ठिपके येणारच. आणि स्टेनलेस म्हणजे काही केलं नाही तरी चालतं असं समजू नका. पात्यापेक्षा पिनजवळ आधी गंज धरतो, कारण तिथलं पाणी पुसलं जात नाही.

सह्यभटक्या

स्टेनलेसवर माझी असहमती. ओपिनेलच्या कार्बन पात्यात कार्बन ०.९ टक्क्यांच्या आसपास असतो. साध्या दगडावर त्याला जी धार चढते ती मला स्टेनलेसवर मिळालेली नाही. कैरी कापली की पातं निळसर काळं पडतं, तो थर राहू द्यायचा. त्यानं लाल गंज बराच अडतो. घासून चकचकीत करायच्या नादाला लागलं की गंज येतो.

पावसाळ्यातली खरी अडचण लाकडाची आहे. बीच ओलं झालं की फुगतं आणि पात्याला दोन्ही बाजूंनी आवळतं. मग नखानं पातं निघत नाही. त्यावर तिकडच्याच लोकांची युक्ती आहे. कडी मोकळी करायची, मूठ पकडायची आणि तिचं मागचं गोल टोक दगडावर किंवा टेबलावर ठोकायचं. पातं आपोआप एवढं वर येतं की चिमटीत धरता येतं. जुलैत माहुली किल्ल्यावर जाणाऱ्यांना ही युक्ती माहीत असलेली बरी.

वागळेफिटर

ठोकणं ठीक आहे, पण फुगणंच कमी करता येतं. नवीन चाकू आणल्यावर मूठ जवसाच्या तेलात मुरवा. रंगवाल्याकडे बेल तेल म्हणून मिळतं ते.

स्टेनलेसबद्दल.  धार थोडी कमी चढते हे खरं, पण नायलॉन आणि शेडनेट कापणाऱ्याला त्या शेवटच्या धारेचा उपयोग कमी. ती धार गोणीच्या मातीत दुपारपर्यंत जाते. सह्यभटक्यांचं काम कांदा-टोमॅटोचं, त्यांना कार्बन योग्य. बागवानांना स्टेनलेस.

पाचपाखाडीचा_वकील

कायद्याचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितो, आणि येऊरकडे जाणाऱ्या प्रत्येकानं हे वाचावं अशी विनंती आहे.

शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात. त्यातून घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक वापरासाठी बनवलेली वगळली आहेत. चार इंची कामाचा चाकू यात बसत नाही. ओपिनेलचा सगळ्यात मोठा, तेरा नंबरचा, त्याचं पातं २२ सेंटिमीटर आहे, म्हणजे तोही नऊ इंचांच्या किंचित आतच.

पण लोक एवढ्यावर थांबतात आणि तिथेच अडकतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त मनाई आदेश काढतात. ठाणे आणि नवी मुंबई, दोन्हीकडे सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात ते निघतच असतात. त्या आदेशात शस्त्रं, सोटे, सुरे, काठ्या, शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू जवळ बाळगायला बंदी असते. तिथे पात्याची लांबी कोणी मोजत नाही. म्हणून चाकू खिशाला क्लिपनं लटकवून किंवा कमरेला लावून शहरातून फिरू नका. मिटवून, कडी लावून, कामाच्या पिशवीत सिकेटर, खुरपं, दोरीच्या गुंड्यासोबत ठेवा. काम संपलं की पिशवी घरी. संध्याकाळी तलावपाळीला फिरताना खिशात चाकू असण्याचं कोणतंही पटणारं कारण तुमच्याकडे नसतं.

आणि येऊर. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये शस्त्राच्या व्याख्येत चाकू स्पष्ट लिहिलेला आहे, आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन आत जायला कलम ३१ नं बंदी आहे. ते कलम राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे. फळं कापायला नेला होता हे कारण तिथे चालत नाही.

सह्यभटक्या

हे महत्त्वाचं. आमच्या गटात येऊरची भटकंती असली की चाकू घरीच राहील असं आजच कळवतो.

चरईकर

ऑनलाइन मागवला तर? तिथे बकसारखा दिसणारा अगदी स्वस्तात मिळतो.

वागळेफिटर

दिसणारा, बरोबर. पितळेऐवजी मुलामा आणि खटक्याचं नाक कच्च्या लोखंडाचं, असे नग माझ्याकडे दुरुस्तीला येतात. कच्चं नाक थोड्याच दिवसांत गोल होतं आणि मग दाबाखाली खाचेतून निसटतं. फोटोत हे दिसत नाही. हातात घेऊन, हलवून, दाबून मगच पैसे द्या. ठाण्यात नाहीच मिळाला तर मुंबईत नागदेवीला एक फेरी मारा. मोठा हत्यारबाजार आहे, दहा दुकानं फिरून हाताळता येतं.

बागवान_घोडबंदर

मंडळी, चाकू मिळाला. नौपाड्यातल्या ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानात ओपिनेलचा दहा नंबर, स्टेनलेस. बारा नंबरही हातात घेऊन बघितला, पण त्याची मूठ पिशवीच्या खणात मावत नाही आणि गोणीच्या शिवणीत एवढं लांब पातं आडवं येतं. दहाचं पातं बरोबर दहा सेंटिमीटर.

फिटरकाकांनी सांगितलं तसं दुकानात हलवून बघितलं. पहिला नग उभा हलत होता, दुकानदारानं कुरकुर न करता दुसरा काढून दिला. तो एकदम घट्ट. शहापूरला बांबूच्या ताटीवर वापरला. पातं पातळ आहे, काथ्यात सरळ उतरतं. बांबूच्या पेरात मुद्दाम रुतवून मनगट मुरडून सोडवलं, कडी जागची हलली नाही. पातं पातळ असल्यानं फट उचकटायला मात्र वापरणार नाही, त्याला जुना स्क्रू ड्रायव्हर आहे. शिडीवर सिकेटर सुरू केलाय.

ज्या मुलाच्या बोटाला लागलं होतं त्याच्यासाठीही एक घेतोय. त्याला अंगठ्यानं कडी फिरवायला त्रास होत नाही ना, ते आधी माझ्याच चाकूवर बघितलं.

आता बेल तेलाचं नीट सांगा. पातं काढून मूठ बुडवायची की कसं?

वागळेफिटर

पातं काढू नका. पिन एकदा ठोकून काढली की घरी परत तशी बसत नाही. कडी मोकळी करा, पातं अर्धं उघडा आणि पात्याला कापडाची पट्टी गुंडाळून दोरा बांधा. बेल तेलात थोडं टर्पेंटाइन मिसळा म्हणजे आत लवकर शिरतं. लहान ब्रशनं मुठीच्या बाहेरून, आणि मुख्य म्हणजे पातं मिटतं त्या फटीच्या आतून लावा. आतलं लाकूड उघडं असतं, पाणी तिथूनच पितं. पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून टाका, नाहीतर चिकट थर बसेल आणि पातं त्यात अडकेल. दिवसभर वाऱ्यावर ठेवून दुसरा हात द्या. पिनच्या जागी मात्र बेल तेल नको, ते सुकून घट्ट होतं. तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब.

आणि तेल पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळ्याला आपोआप आग लागू शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

नर्सरीवाली_नेरूळ

फडक्याचं सांगितलंत ते बरं झालं. माझ्या शेडमध्ये खुरप्यांच्या दांड्यांना हेच तेल लावतो आणि फडकी खताच्या रिकाम्या गोण्यांवर पडलेली असतात. आजच उचलते.